फळ न घालता फळांचा स्वाद: घरगुती आयपीए कशी बनते?

आंबा, संत्रे, पेरू, अननस अशा फळांचा दरवळ असलेली, पण ज्यात यांपैकी एकही फळ पडलेले नाही अशी बीअर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर लोकप्रिय झाली आहे. तिचे नाव इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट या चारच गोष्टींतून ती बनते. अमेरिका आणि ब्रिटनसारख्या देशांत अनेक हौशी लोक ती स्वतःच्या स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये तयार करतात.

ही बीअर बनवणे फार अवघड नाही, पण टिकवणे अवघड आहे. नवशिक्याची पहिली आयपीए बहुधा एकाच पद्धतीने फसते: पहिल्या आठवड्यात घमघमाट, आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. याचे कारण सहसा पाककृतीत नसते. हॉप्स कधी घातले आणि नंतर बीअरला किती हवा लागली, या दोन गोष्टींवर फळांचा स्वाद मिळणे आणि राहणे अवलंबून असते.

थोडक्यात

- प्रमाण: २० लिटर (गाळ वजा जाता बाटल्यांत सुमारे १७ लिटर)
- सुरुवातीची घनता: १.०६४, अखेरची घनता: १.०१४
- अल्कोहोल: सुमारे ६.५ टक्के
- कडवटपणा: ३५ आयबीयूच्या आसपास
- वेळ: पहिल्या दिवशी ५ ते ६ तास, पिण्याजोगी होण्यास सुमारे चार आठवडे

कायदा काय सांगतो?

घरी बीअर बनवणे सर्वत्र कायदेशीर नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये एका विधेयकावर सही केली आणि घरगुती बीअरवरील संघीय कर उठला. तेथे एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर) आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बीअर बनवता येते. विकता मात्र येत नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे आणि 'स्वतःपुरती बनवली' म्हणून त्यातून सुटका होत नाही. गोव्यातही मद्यनिर्मितीसाठी अबकारी परवाना लागतो. त्यामुळे खालील कृती जेथे कायदा परवानगी देतो तेथील प्रौढांसाठीच आहे. महाराष्ट्रातील वाचकाला ती मायक्रोब्रुअरीतल्या ग्लासात काय आहे हे समजण्यासाठी उपयोगी पडेल.

नाव इंडियाचे, बीअर विलायती

आयपीए भारतात जन्मलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधील बो येथील जॉर्ज हॉजसन यांच्या कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान बीअर उचलत आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील इंग्रजांना विकत. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या या प्रवासाला अनेक महिने लागत. १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट या गावातील ऑलसॉप आणि बास हे उत्पादक या व्यापारात उतरले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर असल्यामुळे तेथील बीअर कोरडी आणि धारदार कडवट लागे.

समुद्रप्रवासात टिकावी म्हणून हॉजसन यांनी मुद्दाम जास्त अल्कोहोलची नवी बीअर शोधून काढली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. बीअर-इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी ती खोडून काढली आहे. उष्ण प्रदेशात पाठवायच्या बीअरमध्ये हॉप्स वाढवण्याचा सल्ला त्याआधीपासून दिला जात होता, काळी पोर्टर बीअरही भारतात सुखरूप पोचत होती, आणि आयपीए त्या काळाच्या मानाने फारशी कडक नव्हती.

त्या जुन्या आयपीएला आंब्याचा वास नव्हता. इंग्लंडमधील हॉप्स माती, गवत आणि मसाल्याकडे झुकणारे होते. फळांचा स्वाद आला अमेरिकेतून. तेथील कृषी खात्याने १९७२ मध्ये कॅस्केड ही जात प्रसारित केली. तिला ग्रेपफ्रूटसारखा वास होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीची लिबर्टी एल (१९७५) आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातीलच सिएरा नेवाडा पेल एल यांनी ही चव रुजवली. २००८ मध्ये सिट्रा आणि २०१२ मध्ये मोझॅक या जाती बाजारात आल्या. व्हरमाँट राज्यातील द अल्केमिस्ट या छोट्या कारखान्याच्या हेडी टॉपर या बीअरने गढूळ, कमी कडवट आणि फळांच्या रसासारख्या आयपीएची वाट दाखवली. तिला 'न्यू इंग्लंड आयपीए' किंवा 'हेझी आयपीए' म्हणतात. खालील कृती याच प्रकाराची आहे.

फळांचा वास येतो कुठून?

हॉप्स म्हणजे ह्युम्युलस ल्युप्युलस या वेलीची मादी फुले. ही वेल भांगेच्या कुळातील आहे. फुलाच्या पाकळ्यांच्या तळाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. तिच्यात दोन कामाच्या गोष्टी असतात: कडवटपणा देणारी अल्फा आम्ले आणि वास देणारी तेले.

दोघांचे स्वभाव विरुद्ध आहेत. अल्फा आम्ले बराच वेळ उकळल्याशिवाय नीट कडवट होत नाहीत. तेले मात्र उकळताना वाफेबरोबर उडून जातात. आमटीत खडा मसाला फोडणीला जातो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर पडते, तसाच हा प्रकार आहे. उकळीच्या सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात. शेवटी घातलेले सुगंध देतात. फळांच्या स्वादाची आयपीए म्हणजे बहुतांश 'कोथिंबीर' आणि चिमूटभर 'खडा मसाला'.

या सुगंधाचे तीन मोठे स्रोत आहेत.

*टर्पीन वर्गातील द्रव्ये.* मायर्सीन हे हॉप्समध्ये मुबलक असते आणि आंब्याच्या वासातही आढळते. लिनालूल फुलासारखे आणि संत्र्यासारखे, तर जिरॅनिऑल गुलाबासारखे असते. किण्वन चालू असताना यीस्ट जिरॅनिऑलचा काही भाग सिट्रोनेलॉल या लिंबाकडे झुकणाऱ्या द्रव्यात बदलते. या बदलाला बायोट्रान्सफॉर्मेशन म्हणतात.

*थायॉल.* ही गंधकयुक्त द्रव्ये पेरू, पॅशन फ्रूट आणि ग्रेपफ्रूट यांच्या वासामागे असतात. त्यांचे प्रमाण नगण्य असते, पण त्यांतील काही द्रव्ये लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. सिट्रा, मोझॅक, ऑस्ट्रेलियाची गॅलॅक्सी आणि न्यूझीलंडची नेल्सन सोव्हिन या जाती त्यासाठी ओळखल्या जातात.

*एस्टर.* ही यीस्टची देणगी. साखरेचे अल्कोहोल करताना यीस्ट केळी, सफरचंद, अननस यांची आठवण देणारे एस्टर बनवते. कोणते आणि किती, हे यीस्टच्या जातीवर आणि तापमानावर ठरते.

या तिन्ही गटांतील बरीच द्रव्ये नाजूक असतात. ती उष्णतेने उडतात, ऑक्सिजनने बदलतात आणि काळाने विरतात. पुढच्या कृतीतील बहुतेक सूचनांमागे हेच कारण आहे.

'ऑल-ग्रेन' म्हणजे काय?

घरगुती बीअर दोन मार्गांनी बनते. सोप्या मार्गात कारखान्यात तयार झालेला माल्टचा पाक किंवा पूड पाण्यात विरघळवतात. 'ऑल-ग्रेन' पद्धतीत दळलेल्या धान्यापासून सुरुवात होते आणि साखर स्वतः काढावी लागते.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व काढतात त्याच्याशी ही प्रक्रिया जुळते. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात. असे धान्य भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले, की विकरे पिष्टाचे तुकडे करून साखर बनवतात. याला मॅश म्हणतात. साधारण ६३ अंशांजवळ बीटा अमायलेज जोरात असते. ते यीस्टला सहज खाता येणारी साखर देते आणि बीअर पातळ, कोरडी होते. ७० अंशांजवळ अल्फा अमायलेजचा वरचष्मा असतो. यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन उरते आणि बीअरला अंग येते. रसाळ आयपीएसाठी ६७ अंश हा मधला बिंदू चांगला. फक्त दोन-तीन अंशांच्या फरकाने बीअरचा पोत बदलतो, म्हणून चांगला थर्मामीटर हे या पद्धतीतले सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.

साहित्य

धान्य (एकूण ६.२५ किलो):

- फिकट सातूचे माल्ट: ४.७५ किलो
- गव्हाचे माल्ट: ७५० ग्रॅम
- ओट्सचे पोहे: ७५० ग्रॅम
- भाताचे तूस: २०० ग्रॅम (ऐच्छिक)

गहू आणि ओट्समुळे बीअरला मऊपणा आणि गढूळपणा येतो. दोन्हींना टरफल नसल्यामुळे मॅशचा चिखल होऊन द्रव गळेनासा होऊ शकतो. तूस मिसळले की वाट मोकळी राहते; त्याची चव उतरत नाही.

हॉप्स (पेलेट स्वरूपात):

- मॅग्नम: १० ग्रॅम, उकळीच्या सुरुवातीला
- सिट्रा ४० ग्रॅम आणि मोझॅक ४० ग्रॅम: उकळी संपल्यावर, ८० अंशांना
- सिट्रा ६० ग्रॅम, मोझॅक ४० ग्रॅम, गॅलॅक्सी २० ग्रॅम: किण्वनाच्या अखेरीस

यीस्ट: इंग्लिश एल गटातील, फळांचे एस्टर देणारे, कोरडे असल्यास ११ ग्रॅमच्या दोन पुड्या.

पाणी: ३१ लिटर. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणे आवश्यक, नाहीतर औषधासारखा वास येतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी एवढ्या पाण्याला पुरते. आरओचे पाणी वापरल्यास १० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ४ ग्रॅम जिप्सम घालावे. क्लोराइड तोंडाला भरीवपणा देते, सल्फेट कडवटपणाला धार देते. बर्टनच्या पाण्यात सल्फेट वरचढ होते. रसाळ आयपीएसाठी क्लोराइड सुमारे दुप्पट ठेवतात.

साधने: ३५ ते ४० लिटरचे पातेले, मॅशसाठी जाळी असलेला इन्सुलेटेड कूलर, तांब्याची थंड करण्याची नळी, झाकण आणि एअरलॉक असलेली २५ ते ३० लिटरची किण्वन-बादली, थर्मामीटर, हायड्रोमीटर, ग्रॅमचा काटा. कूलरऐवजी मोठ्या जाळीदार पिशवीत धान्य घालून एकाच पातेल्यातही मॅश करता येतो. मात्र सहा किलो धान्य भिजल्यावर दुपटीने जड होते आणि ती गरम पिशवी उचलायला दोन माणसे लागतात.

कृती

*१. मॅश.* १९ लिटर पाणी ७३ अंशांपर्यंत तापवून कूलरमध्ये ओतावे आणि धान्य थोडे थोडे घालत ढवळावे. गुठळ्या राहू देऊ नयेत. थंड धान्यामुळे तापमान उतरून ६७ अंशांवर स्थिरावते. झाकण लावून ६० मिनिटे ठेवावे. मॅशचा पीएच ५.२ ते ५.४ असावा. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून पिष्ट ओळखतात, तीच चाचणी येथे चालते: बशीत काढलेला थेंब निळाकाळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, आणखी थांबावे. तपासलेला थेंब परत ओतू नये.

*२. गाळणे आणि धुणे.* तोटी उघडून पहिले एक-दोन लिटर परत वरून ओतावे, म्हणजे धान्याचाच गाळणीथर बसतो. सुमारे १३ लिटर द्रव मिळेल. नंतर ७६ अंशांचे १२ लिटर पाणी घालून उरलेली साखर धुऊन घ्यावी. याला स्पार्जिंग म्हणतात. आता पातेल्यात सुमारे २५ लिटर गोड द्रव असतो. त्याचे नाव वर्ट. त्याची घनता १.०५५ च्या आसपास असावी. पाण्याची घनता १.००० धरून हायड्रोमीटर हा आकडा दाखवतो. आकडा बराच कमी आला तर बहुधा भरड जाड राहिली आहे.

*३. उकळी.* वर्ट ६० मिनिटे झाकण न लावता उकळावा. फेस उतू जाण्याचा धोका पहिल्या दहा मिनिटांत सर्वाधिक असतो. उकळी स्थिर झाली की १० ग्रॅम मॅग्नम घालावे. इतकी कमी मात्रा पुरते, कारण पुढच्या टप्प्यातील हॉप्सही थोडा कडवटपणा देणार असतात.

*४. सुगंधी हॉप्स.* गॅस बंद करून थंड पाण्याच्या नळीने वर्ट ८० अंशांपर्यंत आणावा. मग ८० ग्रॅम हॉप्स घालून हलकेच भोवरा फिरवावा आणि २० मिनिटे ठेवावे. ८० अंशांखाली अल्फा आम्ले फार हळू कडवट होतात आणि तेले वाफेबरोबर कमी उडतात.

*५. थंड करून यीस्ट घालणे.* वर्ट १८ अंशांपर्यंत थंड करून गाळ मागे ठेवत २० लिटर बादलीत घ्यावा. येथून पुढे जे जे द्रवाला लागेल ते निर्जंतुक असायला हवे. फॉस्फरिक आम्लावर आधारित, नंतर धुवावे न लागणारे सॅनिटायझर सोयीचे. बादली जोराने हलवून वर्टमध्ये हवा मिसळावी, कारण यीस्टला वाढीसाठी ऑक्सिजन लागतो. हवा मिसळण्याची परवानगी या संपूर्ण प्रक्रियेत येथेच, आणि एकदाच आहे.

*६. किण्वन.* तापमान १८ ते २० अंश ठेवावे. किण्वन स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे बादलीचे तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त असू शकते. २४ अंशांच्या वर गेल्यास फळांऐवजी रंगाच्या थिनरसारखा वास येण्याची शक्यता वाढते. गरम हवेच्या ठिकाणी बादली पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहणे हा स्वस्त उपाय आहे. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड साचू नये म्हणून खोली हवेशीर असावी.

*७. ड्राय हॉपिंग.* चौथ्या ते सहाव्या दिवशी घनता १.०२० च्या आसपास आली, की झाकण किंचित उघडून १२० ग्रॅम हॉप्स झटपट टाकावेत आणि झाकण बंद करावे. किण्वन पूर्ण थांबण्याआधी हे करण्याचे कारण असे, की हॉप्सबरोबर आत गेलेला ऑक्सिजन जागे असलेले यीस्ट खाऊन टाकते. सुगंध पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरतो. हॉप्स आठवडे ठेवल्यास गवताळ, तुरट चव येते.

जास्त हॉप्स म्हणजे जास्त वास, हेही एका मर्यादेपर्यंतच खरे. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅस्केड हॉप्सवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे फायदा घटत जातो असे दिसले. या कृतीत लिटरमागे ६ ग्रॅम आहेत.

बाटलीचा बॉम्ब कसा टाळायचा?

ड्राय हॉपिंगनंतर एक फसवी गोष्ट घडते. हॉप्समध्येही थोडी विकरे असतात. ती न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनची साखर करतात आणि थांबलेले किण्वन पुन्हा सुरू होते. याला 'हॉप क्रीप' म्हणतात. बीअर घाईने बाटलीत भरली तर हे किण्वन बंद बाटलीत होते. बाटलीत घनता केवळ ०.००४ ने उतरली, तरी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ठरवल्यापेक्षा जवळपास दुप्पट होते आणि साधी बीअरची बाटली फुटू शकते. काचा अंगात घुसून गंभीर इजा होते.

म्हणून बादली १८ ते २० अंशांवरच ठेवून घनता रोज मोजावी. सलग तीन दिवस तोच आकडा, म्हणजे १.०१४ च्या आसपास, आल्याशिवाय बाटल्या काढू नयेत. हॉप क्रीपमुळे लोण्यासारख्या वासाचे डायअसेटिलही वाढू शकते. त्याची चाचणी सोपी आहे: थोडी बीअर झाकलेल्या पेल्यात ६० अंशांवर २० मिनिटे गरम करावी आणि थंड झाल्यावर हुंगावी. लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. यीस्ट ते स्वतःच खाऊन टाकते.

आकडा स्थिरावल्यावर बादली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवली की हॉप्सचा गाळ खाली बसतो. थंड होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यासाठी एअरलॉक काढून झाकण पक्के बंद करावे. बादलीचे झाकण किंचित आत ओढले गेले तरी चालेल.

हवा: सर्वांत मोठी शत्रू

किण्वनानंतर बीअरमध्ये शिरलेला ऑक्सिजन हॉप्सचा वास मारतो आणि रंग पिवळ्याचा मातकट, कधी जांभळट-करडा करतो. गहू-ओट्स आणि भरपूर हॉप्स असलेल्या आयपीएवर हा परिणाम इतर बीअरपेक्षा लवकर दिसतो. बीअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे, नळीत बुडबुडे येऊ देणे, बाटलीत वर मोकळी जागा ठेवणे या तीन सवयी सर्वाधिक नुकसान करतात.

घरगुती पातळीवरचा सोपा उपाय म्हणजे बीअर मधल्या भांड्यात न काढता बादलीच्या तोटीतून थेट बाटलीत भरणे. ५०० मिलिलिटरच्या प्रत्येक बाटलीत आधीच ३ ग्रॅम साखर घालावी. तळापर्यंत जाणारी भरण-नळी वापरून बीअर खालून वर चढू द्यावी, जवळजवळ तोंडापर्यंत भरावी आणि फेस वर आलेला असतानाच बूच दाबावे. बाटल्या तपकिरी असाव्यात. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून उजेड लागला की हॉप्समधील कडवट द्रव्यांपासून स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा उग्र वास तयार होतो.

भरलेल्या बाटल्या २० अंशांच्या आसपास, खोक्यात, दोन आठवडे ठेवाव्यात. यीस्ट ती साखर खाऊन बीअरमध्ये वायू विरघळवते. त्यानंतर सर्व बाटल्या फ्रिजमध्ये.

खरे फळ घालायचे असेल तर?

आंब्याचा गर घालून आयपीए बनवता येते, पण अपेक्षा बेताची ठेवावी. गरातील साखर यीस्ट खाऊन टाकते आणि गोडवा गेल्यावर आंबा ओळखू येईनासा होतो. २० लिटरसाठी २ किलो गर हे मध्यम प्रमाण आहे. त्यात साधारण ३०० ते ४०० ग्रॅम साखर असते, म्हणजे अल्कोहोल थोडे वाढते.

परदेशातील भारतीय दुकानांत मिळणाऱ्या हापूस किंवा केशर गराच्या डब्यांत बहुधा वरून साखर घातलेली असते. ती वाचून हिशेबात धरावी. पोटॅशियम सॉर्बेट असलेला गर टाळावा, कारण ते यीस्टची वाढ रोखते. गर मुख्य किण्वन संपत आल्यावर, ड्राय हॉपिंगच्या आधी घालावा आणि घनता पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबावे. बाटलीत फळाचा गर किंवा रस कधीही घालू नये. त्यातून पुन्हा स्फोटाचाच धोका उद्भवतो.

चव बिघडली तर कारण कोणते?

- ओला पुठ्ठा, मातकट रंग: किण्वनानंतर हवा लागली.
- लोणी किंवा पॉपकॉर्न: बाटल्या घाईने भरल्या.
- गवत, घशात चरचर: ड्राय हॉप्स जास्त दिवस राहिले, किंवा गाळ बाटलीत आला.
- औषध, बँडेज: पाण्यात क्लोरीन राहिले.
- आंबट: निर्जंतुकीकरणात ढिलाई.
- सौम्य, 'काहीच नाही' अशी चव: हॉप्स जुने. हॉप्सचे पाकीट हवाबंद, फ्रीझरमध्ये ठेवावे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी

घरात कुत्रा असेल तर हॉप्स आणि वापरलेल्या हॉप्सचा गाळ त्याच्या तोंडी लागू देऊ नये. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्यांचे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढते आणि ते दगावू शकतात.

दुसरी गोष्ट मिथेनॉलची. विषारी दारूच्या बातम्यांमुळे घरगुती बीअरबद्दलही भीती वाटते. धान्याच्या साध्या किण्वनात मिथेनॉल अत्यल्प बनते आणि बीअरमधून त्याची विषबाधा होत नाही. त्या दुर्घटनांमागे सहसा दारूत मिसळलेले औद्योगिक मिथेनॉल असते. बीअर गाळून कडक दारू काढणे, म्हणजे ऊर्ध्वपातन, ही वेगळी बाब आहे. ते अमेरिका आणि ब्रिटनमध्येही घरी करण्यास बंदी आहे.

किती दिवस टिकते?

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बंदरात उतरणारी आयपीए अनेक महिन्यांची असे आणि मुरलेली म्हणून तिचे कौतुक होई. आजची रसाळ आयपीए बरोबर उलटी आहे. बाटलीतील वायू तयार झाल्यापासून पहिले तीन-चार आठवडे ती सर्वोत्तम असते. फ्रिजमध्ये ठेवूनही दोन महिन्यांनंतर पेरू-आंब्याचा दरवळ ओसरतो, जरी ती पिण्यास अपायकारक होत नाही. त्यामुळे अनुभवी लोक ती साठवून ठेवत नाहीत. ते कमी प्रमाणात बनवतात, बाटलीवर भरल्याची तारीख लिहितात आणि महिन्याभरात संपवतात.